घडांची रास काढण्याआधी आकडे मांडून बघा

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. सांख्यिकीचा धडा पुस्तकात सगळ्यात शेवटी येतो. तोवर पोरं दमलेली असतात, आपणही घाईत असतो. मग मध्य (सरासरी), मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा), बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) यांची सूत्रं घोकायची, चार मार्क पदरात पाडायचे आणि वही मिटायची. मला हे फार लागतं, कारण अख्ख्या गणितात घरी, शेतात, बाजारात रोज उपयोगी पडणारा धडा हाच आहे.

यंदा पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि आमच्या घरच्या केळीच्या बागेची आण्णांची वही वर्गात नेली. आण्णा प्रत्येक कटाईला घडांची वजनं लिहून ठेवतात. दोनशे पानी वही, कोपरे दुमडलेले, पानापानावर केळीच्या चिकाचे काळपट डाग. त्यातल्या एका पानावरचे ३० घड इथे देते. वजनं किलोत आहेत आणि ज्या क्रमानं लिहिली त्याच क्रमानं आहेत:

२४, १७, २६, १५, २५, २७, १६, १८, २३, २६, १४, २५, १७, २८, १६, २४, २६, १५, २७, १८, २५, १६, २९, १७, २४, १९, २६, १३, २५, २२

खाली आण्णांचा शेरा: एकूण ६४३, रास २१.४.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे घडाच्या सरासरी वजनाला 'रास' म्हणतात. बांधावर भेटलेला माणूस आधी "यंदा रास किती बसली?" हेच विचारतो. म्हणजे पुस्तकातला मध्य आमच्या पोरांना कळायला लागल्यापासून ठाऊक असतो, फक्त या नावानं नाही.

मुलांना विचारलं, या पानावरून बाग कशी आहे ते सांगा. सगळ्यांनी शेऱ्याकडे बघितलं आणि सांगितलं, एकवीस किलोची आहे, बरी आहे. मग म्हटलं, आता शेरा हातानं झाका आणि आकडे मांडा. दशकाचा अंक खोड, एककाचा अंक पान. केळीच्या पट्ट्यातल्या पोरांना ही नावं समजावून सांगावी लागली नाहीत. पानं जास्त असल्यामुळे प्रत्येक खोडाचे दोन भाग केले, ० ते ४ वरच्या ओळीत आणि ५ ते ९ खालच्या:

१ | ३ ४
१ | ५ ५ ६ ६ ६ ७ ७ ७ ८ ८ ९
२ | २ ३ ४ ४ ४
२ | ५ ५ ५ ५ ६ ६ ६ ६ ७ ७ ८ ९

फळ्यावर हे उतरल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वीस आणि एकवीसचं एकही पान नाही."

खरंच नाही. रास २१.४ आणि त्या वजनाचा घडच बागेत नाही. एक टोळी १३ ते १९ ची, दुसरी २२ ते २९ ची. पहिलीत १३ घड, त्यांची सरासरी १६.२. दुसरीत १७ घड, त्यांची सरासरी २५.४. ही एक बाग नाही, दोन बागा आहेत. आण्णा कित्येक वर्षं वही लिहितात, मी गणिताची शिक्षिका आहे, आणि हे आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं.

मग वारंवारता सारणी करायला लावली, म्हणजे वजनांचे वर्ग पाडून कुठल्या वर्गात किती घड ते मोजायचं. पुस्तकात वर्ग आखून दिलेले असतात, इथे मुलांनीच ठरवायचे होते. एका गटानं १०-२० आणि २०-३० असे दोनच वर्ग घेतले. वारंवारता आली १३ आणि १७. त्यातून काहीच कळेना. दुसऱ्या गटानं पाच-पाचचे घेतले: २, ११, ५, १२. आता खळगा दिसायला लागला. तिसऱ्या गटानं १३ पासून तीन-तीनचे वर्ग घेतले: ४, ८, १, ५, १०, २. याचा आयतालेख काढला तेव्हा मधला १९-२२ चा आयत जवळजवळ जमिनीला टेकलेला आणि दोन्ही बाजूंना दोन टेकड्या. आकडे तेच, पण वर्गांतर बदललं की चित्र बदलतं. वर्ग किती मोठा घ्यायचा हा निर्णय माणसाचा असतो आणि त्या निर्णयानं खरी गोष्ट झाकलीही जाऊ शकते. हे पोरांना या वयात कळलं, याचा मला फार आनंद आहे.

आता प्रश्न असा, की दोन टोळ्या का? वहीत वजन आहे, पण घड कुठल्या ओळीतला हे लिहिलेलं नाही. जाणकारांनी मत द्यावं. आणि तुमच्याकडे अशी आकड्यांची वही असेल तर तीही इथे मांडा.

मृगबाग

ताई, धागा वाचून लगेच आमची वही काढली. आधी तुमच्या प्रश्नाबद्दल. मला पहिली शंका नांग्यांची येते. लागवडीनंतर मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा रोपं लावली असतील तर ती दीड-दोन महिने मागे पडतात, शेजारची झाडं त्यांच्यावर सावली धरतात आणि घड हलका येतो. पण ३० मध्ये १३ म्हणजे नांग्या फारच झाल्या. इतकी मर झाली असती तर आण्णांच्या लक्षात राहिली असती. दुसरी शंका जमिनीची. एका बाजूला मुरमाड पट्टा आहे का?

एक मात्र सांगतो, सरासरीला इतकं खाली ढकलू नका. व्यापाऱ्याशी सौदा करताना रासच लागते. २१.४ गुणिले घडांची संख्या केली की गाडीत किती माल भरेल ते कळतं. तिथे मध्यक घेऊन काय करू?

तापीकाठ

दादा, अगदी मान्य. एकूण माल काढायचा असेल तर मध्यासारखं दुसरं माप नाही, कारण तो एकूणातूनच निघतो आणि संख्येनं गुणला की एकूणच परत देतो. या पानाचा मध्यक २३.५ आहे. त्याला ३० नं गुणलं तर ७०५ किलो येतात. प्रत्यक्षात माल ६४३, म्हणजे ६२ किलोंची चूक. सौद्याला रासच हवी. पण खत, पाणी, मजुरी कुठे वाढवायची हे ठरवताना रास मुकी होते. माझं म्हणणं तेवढंच आहे.

नांग्यांचं आण्णांना विचारलं. चार-पाच भरल्या होत्या म्हणतात. जमीन सगळी काळीच आहे, पण नदीकडे थोडा उतार आहे. पुढच्या कटाईला वहीत आणखी दोन रकाने आखणार: ओळ कितवी आणि ओळीतलं झाड कितवं.

आकडेमोड

मी जळगावात महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. इतकं चांगलं उदाहरण मला आजवर हाती लागलं नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

या ३० आकड्यांचं प्रमाणित विचलन काढलं, म्हणजे आकडे मध्यापासून साधारण किती दूर पसरले आहेत त्याचं माप. ३० नं भागून ते ४.८५ किलो येतं. आता दोन टोळ्या वेगळ्या करून काढा: हलक्या घडांचं १.६, भारी घडांचं १.७. म्हणजे प्रत्येक टोळीतले घड एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. जो पसारा दिसतो तो घडाघडांतल्या फरकाचा नाही, दोन टोळ्यांमधल्या अंतराचा आहे. कोणी नुसतं "रास २१.४, विचलन ४.८५" असं सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाग जरा उन्नीस-बीस आहे. प्रत्यक्षात दोन्ही टोळ्या एकसारख्या पोसल्या आहेत, फक्त एकीला काहीतरी कमी मिळालं आहे.

दुसरी गंमत पेटी-आलेखाची. त्याला पाच आकडे लागतात: सर्वांत लहान १३, पहिला चतुर्थक (खालच्या अर्ध्या आकड्यांचा मध्यक) १७, मध्यक २३.५, तिसरा चतुर्थक (वरच्या अर्ध्याचा) २६, सर्वांत मोठा २९. पेटी १७ पासून २६ पर्यंत आखली जाते आणि मधला मोकळा खळगा पेटीच्या पोटात दिसेनासा होतो. खोड-पान मांडणी आणि पेटी-आलेख, दोन्ही जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं रुळवले, १९७७ च्या त्याच्या पुस्तकातून ते जगभर पोहोचले. एकाच माणसाची दोन हत्यारं, आणि या वहीपुढे त्यातलं एकच उपयोगी पडतं.

आणखी एक उदाहरण मी दरवर्षी सांगतो. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दिले, प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत क्षचा मध्य ९, यचा मध्य ७.५, सहसंबंध (दोन्ही किती एकसाथ बदलतात ते माप) ०.८१६. गोषवारा बघितला तर चारही जुळी भावंडं. आलेख काढला की एक साधी तिरकी रेघ, एक कमान, एकात सरळ रेषेत बसलेले बिंदू आणि त्यातून सुटलेला एकच, आणि चौथ्यात सगळे एका उभ्या ओळीत नि एक दूर कोपऱ्यात. माझे विद्यार्थी हे बघून माना डोलावतात. पण तुमच्या मुलांनी ते स्वतःच्या बागेत शोधलं, त्याचं मोल वेगळंच.

दहावी_अ

मॅडम, मी चोपड्याचा आहे, दहावीत. दोन शंका. १५-२० आणि २०-२५ असे वर्ग घेतले तर २० किलोचा घड कुठे मोजायचा? आणि वर्ग किती घ्यायचे याचा काही नियम आहे का? पेपरात वर्ग दिलेले असतात, पण आम्हाला प्रकल्पासाठी स्वतः करायचे आहेत.

तापीकाठ

बाळा, छान विचारलंस. ही असमावेशक पद्धत. तिच्यात वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत, पुढच्या वर्गात ढकलतात. म्हणून २० हा २०-२५ मध्ये. १५-१९, २०-२४ असे वर्ग घेतलेस तर ती समावेशक पद्धत, तिथे दोन्ही टोकं आतच असतात. पण काटा १९.४ दाखवत असेल तर समावेशक वर्गांत तो घड कुठेच बसत नाही. वजन, उंची, तापमान अशा मापांना असमावेशक पद्धतच घ्यावी. आयतालेख काढतानाही आयत एकमेकांना चिकटून यायला हवेत, मधे फट राहिली तर वाचणाऱ्याला वाटेल तिथे आकडेच नाहीत.

वर्गांच्या संख्येसाठी स्टर्जेस यांचा १९२६ चा एक ठोकताळा आहे. दोनची दुप्पट करत जा: २, ४, ८, १६, ३२. आपली संख्या ३०, ती ओलांडायला पाच पायऱ्या लागल्या. त्यात एक मिळवला की ६ वर्ग. आमच्या तिसऱ्या गटाचे तीन-तीनचे वर्ग सहाच होते, त्यांनी नियम न वाचता तिथे हात घातला. पण हा ठोकताळाच आहे. दोन-तीन वेगळी वर्गांतरं घेऊन बघ, चित्र फार बदललं तर का बदललं ते शोध. आणि सारणी भरताना ताळ्याच्या खुणा कर. चार उभ्या, पाचवी आडवी. नुसत्या नजरेनं मोजलंस तर एखादा आकडा सुटतोच.

निवृत्त_तलाठी

आयुष्यभर आकडेच गोळा केले, म्हणून चार शब्द.

मांडणीच्याही आधीची पायरी म्हणजे आकडा कसा घेतला. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे थोडा तुकडा कापून गावाचं उत्पादन ठरवतात त्यात, शेत आम्ही निवडत नसू. सर्व्हे नंबर चिठ्ठीसारखा निघतो, शेतात कुठला तुकडा कापायचा तेही तसंच ठरतं. शेतकरी म्हणायचा, भाऊसाहेब, तिकडचं बघा, पार वाळलंय. दुसरा म्हणायचा, इकडचं घ्या, पीक चांगलं आहे. दोघांचंही ऐकायचं नाही, चिठ्ठीत निघालं तिथेच दोरी धरायची. या प्रयोगांचा शास्त्रशुद्ध पाया घालणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. तिकडे बंगालात प्रशांतचंद्र महालनोबीस हेच काम करत होते. त्यांच्या जन्मदिवशी, २९ जूनला, २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिवस पाळतात. मॅडम, त्या दिवशी तुमच्या मुलांच्या वह्यांचं प्रदर्शन मांडा.

दुसरं, रकाना रिकामा आणि रकान्यात शून्य यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. समजा पाच दिवसांचा पाऊस १२, ०, नोंद नाही, ३०, ८ मिलिमीटर आहे. नोंद नसलेल्या दिवशी कोणी शून्य लिहिलं तर सरासरी १०. तो दिवस सोडून चार दिवसांची काढली तर १२.५. हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना शंभर वेळा सांगितलं असेल: मापक बघायला गेला नसशील तर आडवी रेघ मार, शून्य लिहू नकोस. शून्य म्हणजे मी गेलो, बघितलं आणि पाऊस नव्हता.

आणि मध्यकाबद्दल. नऊ खातेदारांची जमीन धरा: १, १, २, २, २, ३, ३, ४ आणि ४५ एकर. मध्य ७ एकर, मध्यक २. सात एकरवाला या गावात कोणीच नाही. गाव कसं आहे ते दोनच सांगतो.

शिंदखेडेकर

भाऊसाहेब, पावसाचं काढलं तर मलाही राहवत नाही. आमना गावमा बी असंच शे.

जिल्ह्याची सरासरी म्हणजे सातपुड्याच्या कुशीतला पाऊस आणि आमचा कोरडा पट्टा एका पातेल्यात ओतून ढवळणं. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे भात पिकतो. आमच्याकडे बाजरी आणि कापूस आभाळाकडे डोळे लावून असतात. म्हणून आता महसूल मंडळनिहाय आकडे बघतो. अतिवृष्टी धरतात तीही मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलं तरच.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. ताईंनी आकडे चढत्या क्रमानं मांडले आणि खोड-पान झकास दिसलं. पावसाला हे करून चालत नाही. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस धरतं. समजा दोन वर्षांत जुलै-ऑगस्टमध्ये एकूण पाऊस सारखा, पावसाचे दिवस सारखे, वारंवारता सारणी तंतोतंत सारखी. एका वर्षी आठवड्या-आठवड्यानं पडला, दुसऱ्या वर्षी सुरुवातीला सगळा ओतला आणि मग २५ दिवसांचा खंड. पहिल्या वर्षी कापूस कमरेला लागतो, दुसऱ्या वर्षी बोंडं गळतात. क्रमवारी लावताच खंड पुसला जातो. जिथे वेळ महत्त्वाची तिथे आकडे तारखेनंच ठेवावेत आणि रेषालेख काढावा. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चौकटीत मिलिमीटर लिहितो. महिन्याचं पान समोर धरलं की रिकाम्या चौकटींची रांग डोळ्यात खुपते.

मृगबाग

शिंदखेडेकर भाऊ, लाखमोलाचं बोललात. केळीचंही तेच. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमान सलग किती दिवस एका पातळीच्या खाली गेलं किंवा वर गेलं ते बघतात, महिन्याची सरासरी नाही. जानेवारीची सरासरी छान उबदार येते आणि मधल्या चार रात्रींच्या थंडीनं निसवणारी (घड बाहेर पडत असलेली) बाग चरकून गेलेली असते.

आलेखप्रेमी

मी मूळची भुसावळची, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात, रोजचं काम आलेख काढण्याचंच. माझा मुद्दा चित्रांचा.

मागे गावी आले तेव्हा एका क्लासचा मोठा फलक बघितला. गेल्या वर्षीचा निकाल ८२ टक्के, यंदाचा ८६. स्तंभालेखात यंदाचा स्तंभ गेल्या वर्षीच्या तिप्पट उंच! जवळ जाऊन बघितलं तर उभा अक्ष ८० पासून सुरू केला होता. एक स्तंभ २ एकक उंच, दुसरा ६. आकडा एकही खोटा नाही, पण रस्त्यानं गाडीवरून जाणारा बाप फक्त उंची बघतो. पोरांच्या फीचा निर्णय त्या उंचीवर होतो, म्हणून मला राग आला आणि अजून आहे.

स्तंभालेखात लांबी हीच भाषा आहे, म्हणून स्तंभ शून्यापासूनच उभा राहिला पाहिजे. रेषालेखाचं तसं नाही. भुसावळच्या मे महिन्याचं तापमान दाखवायचं तर अक्ष ३५ पासून घेतला तरी चालतो, कारण तिथे आपण चढ-उतार वाचतो, जमिनीपासूनची उंची नाही. सराफ बाजारातल्या सोन्याच्या भावाचंही तसंच.

वृत्तालेखाबद्दल थोडंच सांगते. १२ एकरांत केळी ५, कापूस ४, मका ३ असेल तर कोन १५०, १२० आणि ९० अंश. हिशोब सोपा, पण डोळ्याला १५० आणि १२० मधला फरक पटकन कळत नाही. तीच माहिती तीन स्तंभांत दाखवली तर लहान मूलही क्रम सांगेल. स्तंभालेख आणि वृत्तालेख दोन्ही विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं प्रचारात आणले, पहिला १७८६ मध्ये, दुसरा १८०१ मध्ये. परीक्षेत दोन्ही काढावेत, पण लोकांना समजावून सांगायचं असेल तर मी स्तंभच घेते.

आकडेमोड

आलेखप्रेमी ताई, फलकाचं उदाहरण उद्या वर्गात सांगतो.

सरासरीची आणखी एक नेहमीची चूक इथे नोंदवतो, कारण ती शिकलेली माणसं करतात. २०११ च्या जनगणनेत साक्षरता जळगाव जिल्ह्यात ७८.२० टक्के, धुळ्यात ७२.८०, नंदुरबारला ६४.३८. मग खान्देशची किती? विद्यार्थी तिन्हींची बेरीज करून तीननं भागतात, उत्तर ७१.८. पण जळगावची लोकसंख्या ४२ लाख ३० हजारांच्या घरात, धुळ्याची २० लाख ५१ हजार, नंदुरबारची १६ लाख ४८ हजार. तिघांना सारखं वजन कसं देणार? लोकसंख्येच्या प्रमाणात वजन दिलं की उत्तर ७४ च्या आसपास येतं. काटेकोर करायचं तर सात वर्षं आणि त्यावरची लोकसंख्या घ्यावी लागेल, कारण साक्षरतेचा दर तिच्यावरच काढतात.

आणि हे ७४ काढल्यावरही मला समाधान नाही. जळगाव आणि नंदुरबारमध्ये जवळपास १४ टक्क्यांचं अंतर आहे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची मुलं त्या अंतरात आहेत. खान्देशचा एक आकडा सांगितला की ती दिसत नाहीत. ताईंच्या बागेतल्या हलक्या घडांसारखीच.

तापीकाठ

सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ गप्प बसले.

आता कटाईची बातमी. काल सुट्टी होती, म्हणून वर्गातली सात मुलं आमच्या शेतात आली. मजूर घड कापायचे, खांद्यावरून काट्यापर्यंत आणायचे, एक मुलगा वजन वाचायचा, एक मुलगी ओळ आणि झाड सांगायची, तिसरी लिहायची. वहीत तीन रकाने: ओळ, झाड, वजन. बांधावरच आलेखपेपर पसरला. आडव्या अक्षावर झाड कितवं, उभ्या अक्षावर वजन, प्रत्येक घडाला एक ठिपका.

पहिली वीस-बावीस मिनिटं ठिपके कसेही पडल्यासारखे वाटले. मग आकार आला. झाड ५० पर्यंतचे ठिपके सगळे वर, २३ ते २८ च्या पट्ट्यात. त्यापुढे एकदम पायरी उतरल्यासारखे खाली, १४ ते १८. ओळ कुठलीही असो, पायरी साधारण तिथेच. नांग्यांची झाडंही शोधली, ती दोन्हीकडे विखुरलेली होती, म्हणजे मृगबाग दादांची पहिली शंका इथे लागू होत नाही. जमिनीची शंकाही मागे पडली, कारण आण्णांनी दोन्हीकडची माती हातात घेऊन दाखवली, काळी आणि तशीच चिकट.

आण्णा आलेखाकडे बघत उभे होते. म्हणाले, "हे पाण्याचं आहे." ठिबकच्या नळ्या सबमेनपासून (त्यांना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या नळीपासून) नदीच्या बाजूला जातात आणि ५० च्या पुढे नळीचं शेवटचं टोक येतं. मग लगेच मुलांनी ड्रिपरखाली वाट्या ठेवल्या, दहा मिनिटं घड्याळ लावलं आणि फवारणीच्या औषधाच्या मापानं पाणी मोजलं. ड्रिपर ताशी चार लिटरचा, म्हणजे दहा मिनिटांत सुमारे ६६७ मिलिलिटर यायला हवं. सबमेनजवळच्या तीन झाडांना ६४०, ६६० आणि ६५०. टोकाच्या तीन झाडांना ३८०, ४१० आणि ३५०. टोकाची टोपी काढली तर आतून तपकिरी गाळ आणि पांढरट क्षारांची पापडी निघाली. बोअरच्या पाण्याचे क्षार. सहाच वाट्या आहेत, सरांना हा नमुना लहान वाटेल, पण आण्णांना पटायला तेवढ्या पुरल्या.

मृगबाग

ताई, पटलंच पाहिजे. टोकं उघडून नळ्या धुऊन घ्या, मग आम्लाची प्रक्रिया करा. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, आणि मुलांना त्या वेळी लांब ठेवा. या घडांना आता काही फायदा नाही, ते पोसून झाले. पण पिलबाग (याच झाडांच्या पिलांवर पुढचं पीक) ठेवणार असाल तर पुढच्या घडांत फरक दिसेल. धुतल्यावर वाट्या परत ठेवा, त्याच सहा झाडांखाली.

आकडेमोड

लहान वाटलाच! प्रत्येकी तीन ऐवजी दहा वाट्या ठेवा आणि झाडं चिठ्ठ्या टाकून निवडा, निवृत्त तलाठी भाऊसाहेबांनी सांगितलं तशी. पण ठिपक्यांचा आलेख मला हवा आहे. मुलांची परवानगी घेऊन त्याचा फोटो टाकाल का?

दहावी_अ

मॅडम, मी आमच्या गल्लीतल्या ३२ घरांचं महिन्याचं वीजबिल गोळा केलं. खोड-पान केलं तर एकच आकडा फार लांब पडतोय, त्या घरी पिठाची गिरणी आहे. तो काढून टाकू का?

तापीकाठ

नको, काढू नकोस. आधी तपास की गिरणीचं मीटर वेगळं आहे का. वेगळं असेल तर ते घरगुती बिल नाही आणि तुझ्या यादीत यायलाच नको, तसं प्रकल्पात लिही. एकच मीटर असेल तर आकडा ठेव, मध्य आणि मध्यक दोन्ही काढ आणि त्यांच्यात किती फरक पडला ते लिही. दोन्हीपैकी काहीही केलंस तरी वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

सर, फोटो सोमवारी टाकते. आलेखपेपरवर केळीचा चीक सांडलाय, दोन ठिपके त्याखाली गेलेत, ते वहीतून बघून परत मारावे लागतील. आण्णांनी नळ्यांची टोकं आज सकाळीच उघडली. दहा-दहा वाट्यांसाठी शेजारच्या काकूंकडून स्टीलच्या वाट्या आणल्या आहेत, आणि चिठ्ठ्या आण्णांनी स्वतः फाडून टोपीत टाकल्या आहेत.